वेग आवरणारी फळी



ही व्याख्यानमाला ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते, त्यांची उभी हयात तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत गेली. कानशीने घासलेला लोखंडाचा तुकडा गुण्याला लागतो की नाही, हे स्वतः उजेडात धरून पाहिल्याखेरीज त्यांनी कुणाच्या वहीवर सही केली नाही. त्यांच्या नावाने बोलायचे तर हाताने केलेल्या कामाविषयी बोलावे, असे मला वाटले. म्हणून आजचा विषय आहे घरात, गॅरेजमध्ये, गच्चीवर स्वतः विमान बांधणारी माणसे. आणि त्यांच्या विमानाचाही एकच भाग. तो भाग म्हणजे स्पीड ब्रेक. विमान हवेत असताना वाऱ्यात उघडायची एक फळी.

एका फळीला आख्खे व्याख्यान कशासाठी, याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. यंत्र बांधणाऱ्याने माणसाच्या चुकण्याचा किती विचार केला आहे, ते इंजिन पाहून कळत नाही. ब्रेक पाहून कळते. चांगला ब्रेक वेग तर कमी करतोच, शिवाय वापरणाऱ्याची चूक पोटात घालतो. हे म्हणणे मी एका प्रत्यक्ष विमानाच्या आधारे तुमच्यापुढे मांडणार आहे.

घरी विमान बांधणे ही कल्पना आपल्याकडे आता अगदीच अनोळखी राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. अमेरिकेत या छंदाला कायद्याची चौकट फार आधी मिळाली. १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी यांच्या पुढाकाराने विस्कॉन्सिन राज्यात एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना उभी राहिली. अमेरिकेतला नियम असा, की शिकण्यासाठी किंवा हौसेखातर विमानाचा निम्म्याहून अधिक भाग माणसाने स्वतः बांधला असेल, तर त्या विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात परवाना मिळू शकतो. त्यानंतर ठरवून दिलेल्या हद्दीत चाचणी उड्डाणे करावी लागतात. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर सर्वसाधारणपणे २५ तास, नसेल तर ४० तास.

या व्यवस्थेतली मेख लक्षात घ्या. मोठ्या कंपनीत आराखडा एक जण काढतो, दुसरा बांधतो, तिसरा तपासतो आणि चौथा उडवतो. एकाच्या हातून निसटलेली गोष्ट दुसऱ्याच्या नजरेला पडते. घरी बांधलेल्या विमानात बहुतेक वेळा कारखानदार, तपासनीस आणि चाचणी वैमानिक हा एकच माणूस असतो. हँडल कुठे बसवायचे हे तोच ठरवतो आणि संकटाच्या क्षणी ते हँडल तोच शोधतो. म्हणून त्याच्या कामात आराखड्याची शिस्त फार मोलाची.

आता ज्या विमानाविषयी बोलायचे आहे, त्याकडे वळतो. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटाच्या कडेला १९७४ मध्ये बर्ट रुटान या तरुण अभियंत्याने आपली छोटी कंपनी काढली. १९७५ मध्ये त्यांचे व्हेरीईझी हे विमान उडाले आणि १२ जून १९७९ रोजी त्याचे मोठे भावंड लाँग-ईझी. रुटान यांनी हौशी लोकांना तयार विमान विकले नाही, आराखडे विकले. ही विक्री त्यांनी १९८५ मध्ये थांबवली, तोवर हे विमान जगभरच्या गॅरेजांत पोहोचले होते. बांधायची पद्धत सोपी आणि नवी होती. फोमचा ठोकळा घ्यायचा, तापलेल्या तारेने त्याला पंखाचा आकार द्यायचा, त्यावर फायबरग्लासचे कापड अंथरायचे आणि इपॉक्सी भरायचे. साचा लागत नाही, रिव्हेट लागत नाहीत. पृष्ठभाग मात्र आरशासारखा नितळ येतो.

या विमानाची ठेवणही वेगळी आहे. मोठा पंख मागे, छोटा पंख पुढे नाकापाशी. या पुढच्या पंखाला कॅनार्ड म्हणतात. इंजिन आणि प्रोपेलर पाठीमागे, विमानाला पुढे ढकलणारे. दोन माणसे एकामागे एक, अर्धवट रेलून बसतात. पंखांच्या टोकांना उभे पडदे, म्हणजे विंगलेट, आणि त्यांवरच विमानाची दिशा वळवणारे रडर. नाकाचे चाक उड्डाणानंतर आत घेता येते. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या इंजिनावर हे विमान दोन माणसांना घेऊन ताशी २५० किलोमीटरच्या वर सहज जाते. याच घराण्यातल्या विचारातून पुढे व्हॉयेजर जन्मले. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी त्यातून, कुठेही न उतरता आणि वाटेत इंधन न भरता, ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

अशा विमानाची अडचण त्याच्या गुणातूनच निघते. हवेला अडवणारे त्यावर काहीच नाही, त्यामुळे ते खाली यायलाच तयार नसते. हे शब्दांपेक्षा आकड्यांत चटकन कळेल, म्हणून एक सोपे गणित मांडतो. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण वास्तवाच्या जवळचे आहेत.

समजा विमानाचे भरलेले वजन ६०० किलो. उतरायला येताना वेग ८० नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण ४१ मीटर. या वेगाला पंखांची उचल आणि हवेचा अवरोध यांचे गुणोत्तर १३ धरू. म्हणजे अवरोध साधारण ४६ किलोच्या ओझ्याएवढा. इंजिन मंद केले, तर असे विमान १००० फूट खाली येईपर्यंत जवळजवळ ४ किलोमीटर पुढे जाते. उताराचा कोन जेमतेम साडेचार अंश. धावपट्टीच्या टोकाला १५ मीटर उंचीचे झाड असेल आणि विमान त्याच्या शेंड्यावरून आले, तर जमिनीला टेकण्याची त्याची सरळ रेषा झाडापासून १९५ मीटर पुढे पडते.

आणि टेकण्याआधी आणखी एक गोष्ट घडते. जमिनीपासून अर्ध्या पंखविस्ताराच्या आत आले की पंखाच्या टोकाशी होणारे हवेचे भोवरे दबतात, अवरोध आणखी घटतो आणि विमान तरंगत राहते. लाँग-ईझीचा पंखविस्तार ८ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे शेवटच्या ४ मीटर उंचीत हे घडते. वैमानिकाने ८० नॉटने येऊन तिथे ७० नॉटपर्यंत वाट पाहायची ठरवली, तर तेवढ्या वेळात साधारण ३०० मीटर धावपट्टी पायाखालून निघून जाते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ७० ऐवजी ८० नॉट म्हणजे वेग १४ टक्क्यांनी जास्त, पण ऊर्जा ३१ टक्क्यांनी जास्त. ती ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायलाच हवी. हवेत नाही झाली तर ती चाकांच्या ब्रेकमध्ये होईल, नाहीतर धावपट्टीच्या पलीकडच्या कुंपणात.

नेहमीच्या विमानांत यावर उपाय ठरलेला आहे. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली करायचे. उचलही वाढते, अवरोधही वाढतो. मग रुटान यांनी फ्लॅप का नाही लावले? कारण कॅनार्ड. मागच्या मोठ्या पंखाला फ्लॅप लावून खाली केले, की विमानाचे नाक जोराने खाली जाऊ पाहते. ते वर धरायचे काम पुढच्या छोट्या पंखाचे. त्याच्यावर आधीच भार असतो. तो वाढवला तर त्याची ताकद संपते. ही अडचण खरी किती मोठी आहे, हे बीचक्राफ्ट कंपनीच्या स्टारशिप या विमानावरून दिसते. ते कॅनार्डचेच, रुटान यांच्या हातून आकार घेतलेले. त्याला फ्लॅप होते, पण फ्लॅप खाली जाताच पुढचा पंख आख्खाच्या आख्खा पुढच्या बाजूला वळवणारी यंत्रणा सोबत द्यावी लागली. व्यावसायिक विमानात हे परवडते. गॅरेजमध्ये बांधणाऱ्याच्या गळ्यात असली यंत्रणा घालणे म्हणजे त्याला बिघाडाच्या नव्या जागा देणे.

रुटान यांनी वेगळा विचार केला. उचल आणि अवरोध या दोन गोष्टी एकदम बदलायची गरजच काय? उचल आहे तशी राहू द्या, फक्त अवरोध वाढवा. त्यांनी विमानाच्या पोटाखाली, पुढच्या आसनाच्या भागात, फोम आणि फायबरग्लासची एक फळी बसवली. तिच्या पुढच्या कडेला बिजागरी. बंद असताना ती पोटाशी इतकी चपखल बसते की हवेला तिचा पत्ताही लागत नाही. वैमानिकाने डाव्या हाताशी असलेले हँडल ओढले की मागची कडा खाली उतरते आणि फळी वाऱ्यात आडवी उभी राहते. ना हायड्रॉलिक तेल, ना मोटर. पुढे काही बांधणाऱ्यांनी विजेवर चालणारी यंत्रणा लावली, पण मूळ आराखड्यात दांडा, सांधे आणि स्प्रिंग एवढाच पसारा आहे.

आता तेच गणित पुन्हा करू. फळी समजा ५० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर. ८० नॉट वेगाला तिच्यावर हवेचा रेटा साधारण १९ किलो येतो. आधीचा अवरोध ४६ किलो, आता ६५. गुणोत्तर १३ वरून ९ च्या थोडे वर. १००० फुटांना ४ किलोमीटर लागत होते, ते आता २.८ किलोमीटरवर आले. झाडाच्या शेंड्यावरून येणारी रेषा १९५ ऐवजी १३८ मीटरवर टेकते. जमिनीलगत १० नॉट वेग गमावायला ३०० मीटर लागत होते, तिथे साधारण २०० पुरतात. दोन्ही मिळून दीडशे मीटरांहून जास्त धावपट्टी वाचली. लहान धावपट्टीवर दीडशे मीटर म्हणजे सुखरूप उतरणे आणि पलीकडे जाणे यांतले अंतर.

फळीची जागाही विचारपूर्वक निवडलेली आहे. ती विमानाच्या वजनाच्या मध्यापासून फार दूर नाही, त्यामुळे उघडली तरी नाक वर-खाली होत नाही, ट्रिम बदलावा लागत नाही. पंखाला तिचा स्पर्श नाही, म्हणून विमान ज्या वेगाला स्टॉल होते, म्हणजे पंखाची उचल एकदम ढासळते, तो वेग बदलत नाही, स्टॉलचा स्वभावही बदलत नाही. जाणवते ती फक्त मांड्यांखाली एक हलकी थरथर. जमिनीवर चालतानाही ही फळी उपयोगी पडते. नाकाच्या चाकाने उडवलेले खडे मागे लाकडी प्रोपेलरवर आदळतात. उघडी फळी त्यांना मध्येच अडवते. एका भागाने दोन कामे करावीत, ही चांगल्या आराखड्याची खूण आहे.

आणि आता तो तपशील, ज्यासाठी मी हा विषय निवडला. लाँग-ईझीच्या पुस्तिकेत ब्रेक उघडा ठेवून उडण्याची मर्यादा ९० नॉट दिली आहे. वेग त्याच्या थोडा वर, ९५ नॉटच्या आसपास गेला, की वारा स्प्रिंगचा जोर मोडून ती फळी आपोआप बंद करतो. यामागचे कारण तेच वर्गाचे गणित. ८० नॉटला १९ किलो येणारा रेटा १६० नॉटला ७६ किलो होतो. एवढा भार बिजागरीवर, दांड्यावर आणि आसनाच्या तळावर येऊ द्यायचा, तर सगळेच जड बांधावे लागले असते. रुटान यांनी सगळे जड केले नाही, आणि ‘वैमानिक ९० च्या वर कधीच उघडणार नाही’ असेही गृहीत धरले नाही. तो उघडेल, विसरेल, घाबरून ओढेल, हे त्यांनी मान्य केले आणि चुकीच्या वेगाला फळीच माघार घेईल अशी रचना केली. बिजागरी पुढच्या कडेला असण्याचे मोल इथे कळते. तीच मागच्या कडेला असती, तर वाऱ्याने फळी बंद करण्याऐवजी ओरबाडून नेली असती.

हा ब्रेक वापरायचा कसा, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण साधन चांगले असले तरी सवय चांगली लागते. विमान धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडत असते त्या टप्प्याला वैमानिक डाउनविंड म्हणतात. तिथे आधी थ्रॉटल मागे घेऊन वेग ९० च्या खाली आणायचा. वेग पाहायचा, मगच हँडलला हात लावायचा. ब्रेकने वेग कमी करू, या विचाराने जास्त वेगाला हात घालायचा नाही. डाउनविंडला किंवा पुढच्या वळणानंतर, बेस लेगवर, ब्रेक उघडायचा आणि जमिनीवर येईपर्यंत तसाच ठेवायचा. रोज त्याच जागी उघडला की विमानाचा उतार रोज सारखा येतो आणि नजर त्याला सरावते. बोरघाट उतरताना कसलेला ट्रकचालक उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतो, मध्यावर पोहोचून शोधत बसत नाही. तशीच ही शिस्त.

शेवटच्या टप्प्यात उंची कमी-जास्त वाटली तर बारीक दुरुस्ती थ्रॉटलने करायची. कारण या ब्रेकला मूळ रचनेत दोनच स्थिती आहेत, उघडा आणि बंद. ग्लायडरचे तसे नसते. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटरमध्ये शिकलेल्या कुणालाही विचारा. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणून पंखातून वर येणारे ब्रेक हाच त्याचा थ्रॉटल. शिकवणारे सांगतात, की अर्धा ब्रेक उघडून नेमके उतरता येईल असा मार्ग धरा. उंच वाटले तर अजून उघडता येतो, कमी पडले तर मिटता येतो. दोन्ही बाजूंना जागा हवी. ग्लायडरच्या ब्रेकचा उगमही याच काळजीत आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत ग्लायडर ढगांत शिरत, वैमानिकाला वर-खाली कळेनासे होई आणि वेग सहनशक्तीच्या पलीकडे जाऊन पंख तुटत. हान्स याकोप्स यांनी त्यावर ब्रेक तयार केले आणि हाना राइच यांनी सूर मारून त्यांच्या चाचण्या घेतल्या. सरळ खाली सूर मारला तरी वेग मर्यादेत राहावा, हा त्यांचा उद्देश होता. लहान धावपट्टीवर नेमके उतरता येणे हा त्याचा पुढचा फायदा.

लाँग-ईझीकडे आणखी एक सौम्य उपाय आहे. तिचे दोन्ही रडर फक्त बाहेरच्या बाजूला वळतात आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. डावा पाय दाबला तर डावा, उजवा दाबला तर उजवा. दोन्ही पाय एकदम दाबले तर दोन्ही रडर बाहेर उघडतात आणि थोडा अवरोध मिळतो. पोटाखालची फळी पायरीने बदल करते, हे पाय हवा तेवढाच.

जमिनीजवळ आल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ब्रेक उघडा असला की वेग लवकर गळतो, म्हणून नाक वर घेण्याची वेळही लवकर संपते. बंद ब्रेकने उतरायची सवय असलेला माणूस सैल हाताने वाट पाहत राहिला, तर विमान त्याच्या अपेक्षेआधी खाली बसते. म्हणून चाचणीच्या तासांत दोन्ही प्रकारे उतरून पाहायला हवे. मोठ्या धावपट्टीवर, वारा शांत असताना, आकडे लिहून ठेवत.

उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे झाले तर थ्रॉटल पूर्ण, ब्रेक बंद, मग चढ. उघड्या ब्रेकने चढू नये, असे पुस्तिका स्पष्ट सांगते. चढ तर मंदावतोच, शिवाय इंजिनाला गार ठेवणारी हवा मूळ आराखड्यात पोटाखालच्या झरोक्यातून येते. फळी त्याच्या पुढे उभी राहिली की ती हवा विस्कटते आणि इंजिन तापते. उड्डाणाआधीच्या तपासणीत ‘ब्रेक बंद’ ही ओळ त्यासाठीच असते.

आणि इंजिन बंद पडले तर? तेव्हा या फळीला हात लावायचा नाही. एकेक मीटर उंची म्हणजे पुढचे १३ मीटर. शेत नक्की हातात आले, आता आपण त्याच्या अलीकडे पडूच शकत नाही, अशी खात्री झाली की मग ब्रेक उघडायचा. इथेच फ्लॅप आणि ब्रेक यांतला मोठा फरक दिसतो. जमिनीजवळ खाली केलेले फ्लॅप घाईने वर घेतले, तर उचल अचानक जाते आणि विमान खाली बसते. स्टॉल होण्याची भीती असते. ब्रेक मिटला तर उचलीला धक्का लागत नाही, फक्त उतार सौम्य होतो. म्हणजे ब्रेकचा निर्णय मागे घेता येतो. शेत थोडे दूर राहील असे वाटले, मिटा. जास्त वाटले, पुन्हा उघडा. माघार घेता येणारा निर्णय ही वैमानिकाला मिळालेली फार मोठी देणगी आहे.

आता दुसरी बाजू. हँडल कुठे आहे, यावर प्राण अवलंबून असू शकतो, हे याच विमानाने एकदा जगाला दाखवले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागरावर लाँग-ईझी उडवत असताना ते विमान कोसळून मृत्युमुखी पडले. ते विमान त्यांनी बांधलेले नव्हते, नुकतेच विकत घेतले होते. मूळ बांधणाऱ्याने इंधनाच्या टाक्या बदलण्याची मूठ आराखड्यातल्या जागी न ठेवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमधून जाऊ नयेत, हा त्याचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण ती मूठ फिरवायला मागे वळावे लागे, आणि वळताना उजवा पाय नकळत रडरवर दाबला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताच्या कारणांत हे नोंदवले; शिवाय मुठीवर आणि इंधनाच्या काचांवर खुणा नसणे, उड्डाणाआधी इंधन न भरणे आणि नव्या विमानाचा सराव अपुरा असणे हेही.

तो अपघात ब्रेकचा नव्हता. पण ब्रेकच्या हँडलला तोच धडा लागू आहे. हँडल असे हवे की डोळे धावपट्टीवरून न हलवता, खांदा न वळवता हाताला लागावे. दुसऱ्या कुठल्या मुठीशी त्याची गल्लत होऊ नये. ते उघडे आहे की बंद, हे हाताला कळावे. आणि आपण बांधलेले विमान उद्या दुसरे कुणी उडवणार आहे, ज्याला आपल्या मनातले काहीच ठाऊक नसेल, हे बांधणाऱ्याने कधीही विसरू नये. आराखड्यातला बदल ही केवळ स्वतःची सोय नसते. बदल केला तर तो लिहा, त्यावर खूण करा, आणि आराखडा काढणाऱ्याने ती जागा का निवडली होती ते आधी समजून घ्या.

शेवटी याच विचाराचे मोठे रूप. २००४ मध्ये रुटान यांच्या स्पेसशिपवन या यानाने माईक मेलव्हिल यांना अवकाशाच्या उंबरठ्यापार नेले. परत येताना वातावरणात शिरणाऱ्या यानाला आवरायला रुटान यांनी शेपटाचा भागच वर वळवता येईल अशी रचना केली. यान शटलकॉकसारखे स्थिर राहून, प्रचंड अवरोध घेत खाली येते. पोटाखालच्या फळीत जो विचार होता, तोच इथे अवकाशाच्या मापाने आला. पण त्याच घराण्यातल्या पुढच्या यानात, स्पेसशिपटूमध्ये, ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी चाचणी सुरू असताना सहवैमानिकाने या शेपटाचे कुलूप वेळेआधी काढले. ध्वनीच्या वेगाच्या १.४ पट झाल्यावर काढायचे ते कुलूप यान ध्वनीच्या वेगाच्या आत असतानाच निघाले. हवेच्या जोराने शेपूट आपोआप वळले आणि यानाचे तुकडे झाले. सहवैमानिक गेले, वैमानिक पॅराशूटमुळे वाचले. चौकशी मंडळाने २०१५ मध्ये सांगितले, की एका माणसाची एकच चूक एवढा घात करू शकते, याचा विचार आराखड्यात पुरेसा झाला नव्हता.

या दोन रचना शेजारी ठेवून पाहा. लहान विमानात चुकीच्या वेगाला वारा फळी बंद करतो. मोठ्या यानात चुकीच्या वेगाला वारा शेपूट उघडतो. एकीकडे निसर्गाचा जोर माणसाच्या चुकीविरुद्ध उभा आहे, दुसरीकडे चुकीच्या बाजूने. तो मृत सहवैमानिक निष्काळजी होता असे मी मुळीच म्हणत नाही. निष्णात माणसेही घाईत, हादऱ्यात, मोजक्या सेकंदांत चुकतात, म्हणून तर रचनेने त्यांच्या पाठीशी उभे राहायचे असते. ‘माणसाने चुकू नये’ ही अपेक्षा म्हणजे आराखडा नव्हे.

इथे बसलेल्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, कुणी ड्रोन बनवतो, कुणी शेतीची यंत्रे, कुणी सॉफ्टवेअर. कुणाच्या घराच्या गच्चीवर उद्या विमानही उभे राहील, आणि ते राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुम्हा सगळ्यांना माझे एकच मागणे आहे. वेगाचा आकडा कागदावर लिहिण्याआधी चार प्रश्न लिहा. हे थांबणार कसे? थांबवायचे हँडल कुणाच्याही हाताला न पाहता लागेल का? ते चुकीच्या वेळी ओढले गेले तर यंत्र स्वतः काय करेल? आणि ओढल्यावर मन बदलले, तर ते परत घेता येईल का? या चारही प्रश्नांची उत्तरे तुमच्या आराखड्यात असतील, तर बेलाशक बांधा, आणि हवे तेवढे वेगवान बांधा. एका जरी प्रश्नाचे उत्तर नसेल, तर ते सापडेपर्यंत इंजिन विकत घेऊ नका.